टोमॅटो ताटात येतो कुठून? मुंबईतल्या लहान मुलांसाठी दसऱ्यापासून होळीपर्यंतचा एक प्रयोग

मुंबईतल्या चार ते आठ वर्षांच्या मुलांना "टोमॅटो कुठून येतो?" असं विचारलं की साधारण ठरलेली उत्तरं येतात. फ्रिजमधून. भाजीवाल्याकडून. हल्ली तर "डिलिव्हरीवाले दादा आणून देतात". ही उत्तरं चुकीची नाहीत, मुलांनी तेवढंच पाहिलेलं असतं. त्याच्या मागचं दाखवणं हे आपलं काम आहे, मग आपण घरचे आई-बाबा, आजी-आजोबा असू किंवा बालवाडीतल्या ताई.

बहुतेक ठिकाणी कुंडीत एक बी पेरून हा विषय आटोपतात. बी रुजतं, सगळे टाळ्या वाजवतात, आणि महिन्याभरात रोप सुकून जातं. रोप जगलं तरी माझ्या मते तो अर्धाच धडा झाला. गॅलरीतल्या कुंडीतून मुलाला झाड कळतं, पण आपल्या घरात दर आठवड्याला येणारा किलो-दोन किलो टोमॅटो कोणी पिकवला, कोणी वाहून आणला, हे कळत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र चालवणं सहज जमतं. बी पेरल्यापासून लाल फळ हातात यायला साडेतीन-चार महिने लागतात आणि त्यातले कितीतरी आठवडे कुंडीत बघण्यासारखं फारसं काही घडत नाही. याच रिकाम्या आठवड्यांत बाजार, रस्ता आणि शेत दाखवायचं. खालचा सगळा क्रम तसाच लावला आहे.

वेळ सणांवरून ठरवा

मुंबईत टोमॅटो वर्षभर लावता येत नाही. पावसाळ्यात ऊन नसतं आणि दमट हवेने पानांवर करपा हा बुरशीचा रोग येतो. मार्चनंतर रात्रीसुद्धा उकडतं, आणि रात्रीचं तापमान २२-२४ अंशांच्या खाली उतरेनासं झालं की फुलं फळ न धरताच गळतात. आपल्याकडे या पिकाला मिळतो तो थंडीचा मोसम.

लहान मुलांना तारखा कळत नाहीत, सण मात्र बरोबर कळतात. म्हणून वेळापत्रक सणांचं करा. दसऱ्याच्या सुमारास बी पेरायचं. दिवाळी आटोपली की रोप मोठ्या कुंडीत हलवायचं. नाताळच्या सुट्टीपर्यंत फुलं आलेली असतील, संक्रांतीला हिरवी फळं लटकलेली असतील आणि प्रजासत्ताक दिनाच्या मागेपुढे पहिली लाली दिसेल. होळीपर्यंत झाडाचं काम संपलेलं असतं. भिंतीवर एक लांब कागदाची पट्टी लावून त्यावर आपट्याचं पान, कंदील, चांदणी, पतंग आणि तिरंगा अशी चित्रं मुलांकडून काढून घ्या. "अजून किती दिवस?" या रोजच्या प्रश्नाला ती पट्टीच उत्तर देते.

ऊन मोजा, मगच कुंडी आणा

टोमॅटोला किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दक्षिणेची खिडकी किंवा गॅलरी सर्वांत चांगली. पूर्व-पश्चिम असेल आणि समोर उंच इमारत नसेल तरी चालतं. एखाद्या रविवारी मुलाच्या हातात खडू द्या आणि दर दोन तासांनी ऊन जमिनीवर जिथे पडतं तिथे खूण करायला सांगा. संध्याकाळपर्यंत ऊन घरातून कसं चालत गेलं हे त्याला डोळ्यांनी दिसतं, आणि कुंडी कुठे ठेवायची हे तोच ठरवतो.

ऊन तेवढं मिळतच नसेल तर हट्ट करू नका. सोसायटीची परवानगी घेऊन गच्चीवर कुंडी ठेवा, नाहीतर घरात फक्त रोपं तयार करून ऊन असलेल्या शेजाऱ्यांकडे द्या आणि मुलाला तिथे पाणी घालायला पाठवा. उन्हाशिवाय लांबट, फिकट होत जाणारं रोप रोज बघत बसण्यापेक्षा हे बरं.

खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंडी ठेवणार असाल तर ती तारेने बांधा, आणि मुलाने ग्रिलवर चढायचं नाही हा नियम पहिल्या दिवसापासून लावा.

आधी फळ कापा

सुरुवात बियांच्या पाकिटाने न करता ताटलीतल्या टोमॅटोने करा. बाजारातून दोन-तीन प्रकार आणा: लांबट जाड सालीचा, गोल आंबट गावठी आणि मिळाला तर चेरी टोमॅटो. प्रत्येक आडवा कापा. उभा कापला तर आतली रचना नीट दिसत नाही, आडव्या कापात कप्पे स्पष्ट दिसतात. चेरीत बहुधा दोन कप्पे असतात, लांबट टोमॅटोत दोन-तीन, मोठ्या चपट्या गोल टोमॅटोत त्याहून जास्त. आकडे तुम्ही सांगू नका, मुलांना मोजू द्या.

मग प्रत्येक बीभोवती असलेल्या जेलीला बोट लावू द्या. या जेलीत बी रुजू न देणारे घटक असतात, म्हणून पिकलेल्या, ओल्या फळाच्या आतही बी सहसा झोपलेलं राहतं. "बी फळातच का उगवत नाही?" हा प्रश्न मुलं हमखास विचारतात, आणि त्याचं उत्तर त्यांच्या बोटाला चिकटलेलं असतं.

शेजारी एक वांगं आणि एक हिरवी मिरची ठेवा. देठाकडची हिरवी टोपी तिघांनाही आहे, बिया तिघांच्याही पोटात आहेत. बटाट्यासकट ही सगळी मंडळी एकाच कुळातली. टोमॅटोचं मूळ दक्षिण अमेरिकेत, तिथून तो मेक्सिकोत पोचला आणि माणसाने जोपासला, आणि भारतात तो पोर्तुगीजांबरोबर आला असं मानतात. पृथ्वीचा गोल घरात असेल तर एवढं बोटाने दाखवा आणि पुढे चला. या वयात इतिहास इतकाच पुरतो.

बी काढणं आणि पेरणं

गावठी टोमॅटोच्या बिया जेलीसकट एका ग्लासात काढा, थोडं पाणी घाला आणि झाकून दोन-तीन दिवस ठेवा. वर पांढुरका थर येईल, आंबूस वास येईल. मुलं नाक मुरडतील, मुरडू द्या. त्या आंबण्यानेच जेली सुटते. मग गाळणीत धुऊन बिया बशीत सुकवा. धुतल्यावर बीवर बारीक लव दिसते. भिंग असेल तर ती दाखवाच.

दुकानातलं पाकीट आणायचं असेल तर एक काळजी घ्या. बरंचसं बियाणं बुरशीनाशक लावलेलं असतं आणि ते गुलाबी, लाल किंवा निळं दिसतं. तसं बी लहान मुलांच्या हातात देऊ नका. प्रक्रिया न केलेलं बियाणं मागून घ्या. बाजारातला टोमॅटो बहुधा संकरित असतो, त्यामुळे घरी काढलेल्या बीपासून येणारं फळ आईसारखंच असेल असं नाही. मुलांच्या दृष्टीने यात नुकसान काहीच नाही. कुंडी लहान असेल तर चेरी टोमॅटोवर भर द्या. एकेका घोसात पुष्कळ फळं लागतात, त्यामुळे प्रत्येक मुलाच्या वाट्याला काहीतरी येतं.

पेरायला दह्याचे रिकामे डबे पुरतात. तळाला भोकं पाडा. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत समसमान घ्या. करंगळीच्या नखाएवढं खोल बी टाकून वर हलकी माती लोटा. त्याच दिवशी एका काचेच्या ग्लासात ओला टिश्यू पेपर गुंडाळून काच आणि कागदाच्या मधे चार बिया सरकवा. मातीत काय चाललंय ते या ग्लासात दिसतं. आधी पांढरं मूळ खाली जातं, मग वाकलेली मान वर येते. ऑक्टोबरच्या उष्म्यात पाच ते दहा दिवसांत हे घडतं.

पहिली दोन पानं अरुंद आणि साधी असतात. त्यानंतर येणारी पानं कातरलेली, खरी टोमॅटोची. मुलं म्हणतात, "हे दुसरंच झाड उगवलं!" त्यांना थांबायला सांगा आणि तिसरं पान आलं की परत दाखवा. पानाला बोट चोळून वास घ्यायला लावा. बोटाला हिरवट-पिवळा डाग पडेल. हात धुणं आणि पान तोंडात न घालणं हे इथेच शिकवून टाका. टोमॅटोची पानं खायची नसतात.

मोठ्या कुंडीत

रोप २५-३० दिवसांचं, वीतभर झालं की मोठ्या कुंडीत लावा. चेरीला बारा इंची कुंडी चालते, मोठ्या जातीला पंधरा-वीस लिटरची बादली हवी. रोप आधी होतं त्यापेक्षा खोल लावा, खालची पानं काढून खोड मातीत जाऊ द्या. टोमॅटोच्या खोडाला मातीचा स्पर्श झाला की तिथूनही मुळं फुटतात. ही माहिती मुलांना फार आवडते, कारण खोडाच्या खालच्या भागावर कधीकधी या मुळांच्या पुटकुळ्या आधीच दिसतात.

लागलीच बाजूला एक काठी रोवा. पुढे खोड वाढलं की सुतळीने इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधायचं. नाशिककडे शेतात बांबू, तार आणि सुतळीने हेच करतात आणि त्याला बांधणी म्हणतात. मुलांनाही तोच शब्द द्या.

पाणी हे मुलाचं काम. शाळेत जाण्याआधी मातीत बोट दोन पेरांपर्यंत घालायचं, कोरडं लागलं तर दोन पेले पाणी. एक दिवस बदाबदा आणि मग चार दिवस काहीच नाही, असं करू नका. पाण्याची अशी ओढाताण झाली की फळं तडकतात, किंवा बुडाशी काळी पडतात. पंधरा दिवसांनी एक मूठ गांडूळखत पुरे. जास्त खत घातलं तर पानं गच्च होतात आणि फुलं येत नाहीत.

कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवड्याभरात नवे डास तयार होतात. ताटली रोज रिकामी करणं हेही मुलाच्या कामात घाला. पांढरी माशी दिसली तर पानांच्या मागच्या बाजूने निंबोळी तेलाचं पाणी मोठ्यांनी फवारावं. कबुतरांसाठी जाळी लागेलच.

सुतळीचा आलेख

दर रविवारी झाडाच्या उंचीएवढी सुतळी कापा आणि कागदावर एकाशेजारी एक चिकटवा. चार वर्षांच्या मुलाला सेंटिमीटर समजत नाहीत, पण या आठवड्याची सुतळी मागच्या आठवड्यापेक्षा लांब आहे हे समजतं. दोन महिन्यांत भिंतीवर जिना तयार होतो. माझ्या वर्गात एका मुलीने दोन सुतळ्या सारख्याच लांबीच्या का, असं विचारलं. त्या आठवड्यात झाडाला कळ्या आल्या होत्या. ती उठून गेली आणि त्या दोन सुतळ्यांच्या वर पिवळं फूल काढून आली.

रिकामे आठवडे: मावशींची टोपली, मग मागे मागे

रोप लावल्यापासून फुलं येईपर्यंतचा महिना बाजाराचा. आधी आपल्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशींकडे जा. गिऱ्हाईक कमी असेल तेव्हा, दुपारी. मुलाने स्वतः विचारावं: मावशी, तुम्ही किती वाजता उठता? टोमॅटो कुठून आणता? दबलेले टोमॅटो वेगळे का ठेवता? पहाटे दादरच्या भाजीबाजारात किंवा वाशीला जाऊन माल आणणाऱ्या माणसाच्या तोंडून तीन वाक्यं ऐकली तर ती मुलाच्या मनात राहतात. वेळ दिल्याबद्दल मावशींकडून त्या दिवशीची भाजी घ्या.

वाशीचा घाऊक बाजार चार-पाच वर्षांच्या मुलांना घेऊन जाण्याची जागा नाही. मालाचे ट्रक, हातगाड्या, डोक्यावर ओझं घेऊन घाईने जाणारे माथाडी कामगार, आणि सगळी गडबड रात्री-पहाटेची. सात-आठ वर्षांच्या एखाद-दुसऱ्या मुलाला हात धरून नेता येईल, वर्गाला नाही. त्याऐवजी जमिनीवर खडूने रस्ता काढा. पिंपळगाव बसवंत (नाशिक जिल्ह्यातला टोमॅटोचा मोठा बाजार), नाशिक, इगतपुरी, कसारा घाट, शहापूर, भिवंडी, ठाणे, वाशी, तिथून टेम्पोने आपली गल्ली. खेळण्यातला ट्रक त्यावरून चालवा. घाटात ट्रक हळू का जातो, रात्री का निघतो, हे मुलांना विचारा. दुसरी वाट पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळच्या नारायणगावची. जुन्नर भागातला टोमॅटो उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडी जास्त येतो, पिंपळगावचा पावसाळा सरता सरता. आपल्या कुंडीत मे महिन्यात काही येत नसताना मुंबईला टोमॅटो कसा मिळतो, हे यातून समजतं.

टोमॅटो प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये भरतात. एका कॅरेटमध्ये साधारण वीस किलो माल बसतो. मुलाला दोन किलोची पिशवी उचलायला द्या. मग सांगा, अशा दहा पिशव्या एकदम उचलून दिवसभर ट्रकमध्ये चढवणारे काका असतात.

गावी कोणी काका-मामांनी टोमॅटो केला असेल तर तोड्याच्या दिवशी व्हिडिओ कॉल लावा. जाणं जमलं तर नाताळच्या सुट्टीत नाशिककडे एक रात्र राहून या, मात्र शेतकऱ्याला आधी विचारून. फवारणी कधी झाली हे विचारल्याशिवाय शेतात तोडून खायला देऊ नका. शेतात मुलांना तोडणाऱ्या बायकांचे हात दाखवा. रोपाला बोट लावल्यावर पडतो तो हिरवट डाग दिवसभराच्या तोडणीने काळा झालेला असतो. मुलं तो लगेच ओळखतात.

फूल हलवा, फळ पिकवा

टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. पराग आतल्या पिवळ्या नळीत बंद असतात आणि फूल हललं की बाहेर पडतात. शेतात वारा आणि गुणगुणत फूल थरथरवणारे भुंगे हे काम करतात. इमारतीच्या आडोशाला दोन्ही कमी, म्हणून सकाळी दहा-अकराच्या सुमारास मुलाने घोसाच्या देठावर बोटाने हलके टिचकी मारावी. काही फुलं तरीही गळतात. "काही गळतातच" हे आधी सांगून ठेवा, म्हणजे मूल स्वतःला दोष देत नाही.

फूल धरल्यापासून फळ पिकायला सहा ते आठ आठवडे लागतात. हिरव्या फळांच्या या काळात बाजारातून अर्धवट रंगलेले तीन टोमॅटो आणा. एक उघड्यावर ठेवा, एक पिकत्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत, एक फ्रिजमध्ये. फळं पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि तो शेजारच्या फळालाही पिकवतो. केळ्याजवळचा टोमॅटो बहुधा सर्वांत आधी लाल होतो, फ्रिजमधला रेंगाळतो आणि बेचव राहतो. लांबच्या बाजारासाठी टोमॅटो बुडाशी रंग फिरू लागताच का तोडतात, हे आता सांगा. पूर्ण लाल झालेला टोमॅटो कसारा घाट उतरेपर्यंत दबून जाईल.

दहा नाण्यांचा खेळ

सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी. एक रुपयाची दहा नाणी घ्या. शेतकरी, ट्रकवाले, आडते (शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणारे), हमाल, घाऊक व्यापारी आणि भाजीवाल्या मावशी अशा भूमिका वाटा. आई दहा रुपये देते. कोणाला किती जायला हवेत, हे मुलांना आधी स्वतः ठरवू द्या. मग सांगा, रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासानुसार ग्राहकाच्या रुपयातले साधारण ३३ पैसे टोमॅटो पिकवणाऱ्याकडे जातात, म्हणजे दहातली तीन-साडेतीन नाणी. बी, खत, बांबू, सुतळी, मजुरी त्यातूनच.

जुलै २०२३ मध्ये मुंबईत टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेला होता, आणि भाव पडले की शेतकऱ्यांवर तोच टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ येते. दोन्ही गोष्टी मुलांना साध्या शब्दांत सांगाव्यात असं मला मनापासून वाटतं. "मग त्यांच्या मुलांना वह्या कशा मिळणार?" असा प्रश्न येतो. त्याला खोटं, गोड उत्तर देऊ नका. अडचण होते, म्हणून सांगा.

ताटापर्यंत

पहिलं फळ मुलाने स्वतः तोडावं, देठाच्या गाठीवर अंगठा दाबून. कच्च्या टोमॅटोने काही मुलांच्या तोंडाभोवती खाज येते, तेवढं बघून द्या. एरवी टोमॅटोला हात न लावणारी मुलं हा तुकडा बहुधा खातात.

घरचे थोडे आणि मावशींकडचे थोडे मिळून सार करा. पाच-सहा टोमॅटोंच्या बुडाशी फुलीसारखी चीर द्या आणि सालं सुटेपर्यंत उकळा. निवल्यावर सालं काढणं मुलांचं काम. चीर दिलेल्या कोपऱ्याला धरून ओढलं की अख्खी साल निघते आणि त्यावरून भांडणं होतात, म्हणून वाटणी आधीच करा. गर मिक्सरमधून काढून गाळा, मीठ, थोडा गूळ आणि वाटीभर नारळाचं दूध घाला. तूप, जिरं, हिंग, कढीपत्त्याची फोडणी मोठ्यांनी द्यावी. नारळाचं दूध घातल्यावर आच मंद ठेवा, उकळी आली तर सार फाटतं. गरम भाताबरोबर वाढा. सालं कुंडीत खतासाठी जातात.

सर्वांत चांगलं एक फळ मात्र बीसाठी राखून पूर्ण पिकू द्या. होळीनंतर झाड उपटून मुळं दाखवा, माती उन्हात पसरून वाळवा आणि बियांची कागदी पुडी करून त्यावर मुलाचं नाव आणि वर्ष लिहा. जूनमध्ये त्या कुंडीत भेंडी किंवा अळू लावा. मिरची आणि वांगी टोमॅटोच्याच कुळातली असल्याने त्याच मातीत लगेच घेतली तर रोग पुढे चालत येतात.